खुर्ची नको म्हणणारा आपल्या जिल्ह्यातला माणूस

निवडणूक जवळ आली की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या चौकाचौकांत बॅनर लागतात. त्यांवरच्या नावांआधीची विशेषणे वाचत गेलो की एक शिडीच डोळ्यांसमोर उभी राहते. सर्वांत खालची पायरी 'समाजसेवक'. त्यावर 'युवा नेते', मग 'भावी नगरसेवक', मग 'भावी आमदार'. रमजानमध्ये इफ्तार, दिवाळीत फराळ, उन्हाळ्यात पाण्याचे दोन टँकर, जूनमध्ये वह्यावाटप आणि प्रत्येक वेळी फोटो. समाजसेवा म्हणजे राजकारणात शिरण्याची प्रवेश फी झाली आहे. एकदा प्रवेश मिळाला की फी पुन्हा कोण भरतो?

या महिन्यात आम्ही ज्यांच्याबद्दल लिहिणार आहोत त्यांनी ही शिडी अगदी दिल्लीपर्यंत चढून पाहिली आणि मग कोणी खाली ओढले नसताना स्वतःच्या पायांनी उतरले. ते आपल्याच जिल्ह्यातले. सेनगाव तालुक्यातील कडोळी हे त्यांचे जन्मगाव. कागदावरचे नाव चंडिकादास अमृतराव देशमुख. देश त्यांना नानाजी देशमुख म्हणून ओळखतो.

हे नाव वाचून काही वाचक पान उलटतील, याची आम्हाला कल्पना आहे. नानाजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक होते, जनसंघाचे फार मोठे संघटक होते. आम्ही ते लपवणार नाही, आणि जिथे त्यांचे पटत नाही तिथे तसे लिहूच. पण २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "कडोळी म्हणजे आपल्या सेनगावकडचीच ना? मग ते इथे कधी दिसले कसे नाहीत?" या प्रश्नाला 'ते त्यांचे आहेत, आपले नाहीत' असे उत्तर देऊन मोकळे होता येते. पुष्कळ घरांत तसेच होते. मुलांना मात्र ते उत्तर पुरत नाही, आणि खरे म्हणजे पुरू नये.

११ ऑक्टोबर १९१६ हा त्यांचा जन्मदिवस. त्या वेळी हिंगोली जिल्हा नव्हताच. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि शाळा फार थोड्या. लहानपणीच आई-वडील गेले आणि मामांनी वाढवले. घरची गरिबी एवढी की शाळेची फी आणि पुस्तके यांसाठी या मुलाने भाजी विकली. शिकायची ओढ होती, पण आपल्या भागात पुढची वाट नव्हती. मग हा मुलगा थेट राजस्थानात पोहोचला. सीकरला शाळा केली, तिथल्या रावराजांकडून शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे पिलानीच्या बिर्ला कॉलेजात गेला. सेनगावपासून सीकर म्हणजे त्या काळी जवळजवळ परदेशच.

शाळेत शिकवणाऱ्यांना ही गोष्ट जरा जास्तच टोचते. कडोळीच्या मुलाला शिकायला राजस्थानात जावे लागले आणि त्याने पुढे जे काही उभे केले त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात आणि मध्य प्रदेशात उभे राहिले. आपल्या मातीचे हे जुनेच दुखणे असावे. ज्यांचे जन्मगाव म्हणून आपण नरसी दाखवतो ते संत नामदेवही पंजाबात घुमानला जाऊन रुजले. आपण जन्म देतो, पीक दुसरीकडे येते.

डॉ. हेडगेवारांचा १९४० मध्ये मृत्यू झाला. त्यानंतर नानाजींनी पूर्ण वेळ संघाला दिला. आधी आग्रा, मग गोरखपूर. गोरखपूरला ना ओळख, ना पैसा. धर्मशाळेत उतरायचे, तर तीन दिवसांच्या वर राहता येत नसे. म्हणून दर तीन दिवसांनी बोचके उचलून दुसरी धर्मशाळा शोधायची. शेवटी बाबा राघवदासांनी आपल्या आश्रमात जागा दिली. अट एकच, नानाजींनी त्यांचा स्वयंपाक करायचा. बाबा राघवदास काँग्रेसचे होते आणि मूळचे पुण्याचे, म्हणजे मराठीच. काँग्रेसच्या माणसाच्या चुलीवर भाकरी थापत संघाचा प्रचारक शाखा उभ्या करत होता. आज हे कोणाला सांगितले तर दोन्ही बाजूंचे लोक मोबाइलवर तुटून पडतील. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला याच गोरखपूरमध्ये नानाजींनी पहिले सरस्वती शिशुमंदिर सुरू केले. पुढे त्याच्या शाखा देशभर पसरल्या. त्या शाळांतून काय शिकवले जाते याबद्दल आमची मते वेगळी आहेत. पण शाळा काढणारे लोक लांबचा विचार करतात, हे विरोधकानेही मान्य करावे लागते. आपल्याकडे जलशाला आणि मुशायऱ्याला वर्गणी लवकर जमते, शाळेच्या छपराला उशिरा.

जनसंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि उत्तर प्रदेशाची जबाबदारी नानाजींकडे आली. अटलबिहारी वाजपेयी बोलायला, दीनदयाळ उपाध्याय विचार मांडायला आणि नानाजी माणसे जोडायला, अशी ती वाटणी होती. त्यांचा खरा हुन्नर हाच. एखाद्या गावात जायचे, एका घरी जेवायचे, त्या घरातल्या प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवायचे आणि पुढच्या खेपेला त्या नावाने हाक मारायची. समाजवादी नेते राम मनोहर लोहिया विचाराने जनसंघापासून पुष्कळ दूर. तरी नानाजींनी त्यांच्याशी दोस्ती केली. १९६४ मध्ये लोहिया आणि दीनदयाळ यांनी मिळून भारत-पाकिस्तान महासंघाची कल्पना मांडणारे निवेदन काढले, त्यामागे हीच जवळीक होती. १९६७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसची सत्ता गेली, चौधरी चरणसिंग मुख्यमंत्री झाले आणि त्या सरकारात जनसंघ, समाजवादी आणि कम्युनिस्ट एकत्र बसले. ही मोट बांधणाऱ्यांत नानाजी होते.

आणि इथेच आमचा पहिला मतभेद. त्या सरकारपुढे उर्दूला राज्याची दुसरी भाषा करण्याची मागणी होती. आघाडीतले काही पक्ष तिच्या बाजूने होते, जनसंघाने कडाडून विरोध केला. उर्दूला तो दर्जा मिळायला १९८९ उजाडले आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब २०१४ मध्ये झाले. आम्ही वर्गात उर्दूही शिकवतो आणि मराठीही. दोन्ही भाषा एकाच फळ्यावर, एकाच खडूने लिहिल्या जातात आणि कोणतीही दुसरीला पुसत नाही. जे नानाजी राजकारणात लोहियांपासून कम्युनिस्टांपर्यंत सर्वांशी बोलू शकत होते त्यांच्या पक्षाला उर्दू का सोसली नाही, हे आम्हाला कधी कळले नाही.

दुसरा मतभेद याहून गंभीर. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत आणि इतरत्र शिखांची कत्तल झाली. त्यानंतर नानाजींनी लिहिलेले एक टिपण फार वादग्रस्त ठरले. मार खाल्लेल्यांच्या बाजूने उभे राहण्याऐवजी ते टिपण त्यांनाच समजुतीचे धडे देते, असा आक्षेप घेतला गेला आणि आजही घेतला जातो. आम्हालाही तो आक्षेप योग्य वाटतो. त्यांच्यावरच्या गौरवलेखांत ही गोष्ट सहसा नसते, म्हणून इथे लिहिली.

आता त्यांच्या आयुष्यातील उंचीचा काळ. जयप्रकाश नारायणांचे आंदोलन बिहारमध्ये पेटले तेव्हा नानाजी त्यांच्याबरोबर होते. ४ नोव्हेंबर १९७४ रोजी पाटण्यात मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. जयप्रकाशजी वृद्ध आणि आजारी होते. त्यांच्यावर येणारी लाठी नानाजींनी आपल्या हातावर झेलली आणि हात मोडला. योगायोग असा की दोघांचाही जन्मदिवस ११ ऑक्टोबर, वयात मात्र चौदा वर्षांचे अंतर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. लोकसंघर्ष समितीचे सरचिटणीस म्हणून नानाजी काही काळ भूमिगत राहून काम करत होते. पुढे पकडले गेले आणि तुरुंगात गेले.

आणीबाणीत सरकारने बंदी घातली त्या संघटनांत संघ होता, तशी जमाअते इस्लामी हिंदही होती. दोन्हींचे लोक एकाच वेळी कैदेत पडले. आयुष्यभर एकमेकांकडे संशयाने पाहणारी माणसे एकाच तुरुंगात, एकाच नळावर तोंड धुऊ लागली. एकाची नमाज, दुसऱ्याची प्रार्थना, मध्ये फार तर चार हातांचे अंतर. त्या दिवसांत झालेल्या ओळखी बाहेर आल्यावरही काही वर्षे टिकल्या, असे त्या पिढीतले बुजुर्ग सांगत. पुढे देशाचे वारे बदलले आणि तो धागा तुटला. नवी पिढी तर असे काही घडले होते यावर विश्वासही ठेवत नाही.

१९७७ ची निवडणूक. नानाजी उत्तर प्रदेशातील बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले. नेपाळच्या सीमेजवळचा हा भाग गरीब, आणि तिथली मुस्लीम वस्तीही मोठी. केंद्रात जनता पक्षाचे पहिले बिगरकाँग्रेसी सरकार आले आणि मोरारजी देसाईंनी नानाजींना मंत्रिपद देऊ केले. उद्योग खाते. नानाजी नको म्हणाले.

इथे थोडे थांबावे असे वाटते. त्या सरकारात कोण कोणत्या खुर्चीवर बसणार यावरून पहिल्या आठवड्यापासून ओढाताण होती आणि अखेर दोन वर्षांत त्याच भांडणात सरकार कोसळले. ज्यांनी पक्ष बांधला, लाठी खाल्ली, तुरुंग भोगला, त्यांचा हक्क तर सर्वांत मोठा होता. नानाजींनी तो वापरला नाही. एवढेच नाही, १९७८ मध्ये त्यांनी जाहीर सांगितले की साठी ओलांडलेल्या नेत्यांनी सत्तेपासून दूर व्हावे आणि समाजाच्या कामाला लागावे. असे सल्ले देणारे पुष्कळ असतात, स्वतः पाळणारे विरळ. ते स्वतः साठीच्या पुढे होते आणि त्यांनी राजकारण सोडले. पुढे भारतीय जनता पक्ष स्थापन झाला, मित्र एकेक पायरी चढत राहिले, वाजपेयी पंतप्रधान झाले. नानाजी पुन्हा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. १९९९ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमणूक केली, तेवढी सहा वर्षे ते संसदेत होते.

त्यांनी जे काम हाती घेतले ते आमच्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला मोलाचा भाग. आपल्या मतदारसंघाच्या परिसरात, गोंडा जिल्ह्यात, त्यांनी जयप्रभाग्राम वसवले. जयप्रकाश आणि त्यांच्या पत्नी प्रभावती यांच्या नावांवरून हे नाव पडले. घोषणा साधी होती, प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक शेताला पाणी. घोषणा देणे सोपे. पाणी आणायचे कसे? त्या तराई भागात जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी आहे, पण लोखंडी पाइप घालून कूपनलिका करणे गरीब शेतकऱ्याला परवडत नव्हते. मग पाइपच्या जागी बांबू वापरले गेले. बांबू गावात मिळत होता, ते काम गावच्या माणसाला जमत होते आणि खर्च पुष्कळ कमी. अशा कूपनलिका गावोगाव झाल्या. आपल्या कायाधू-पूर्णेच्या काळ्या पाषाणात हे चालणार नाही, इथे तर चारशे फूट खाली जाऊनही धूळच निघते. पण मुद्दा बांबूचा नाही. ज्याच्या शेतात पाणी हवे त्याला परवडेल आणि स्वतः दुरुस्त करता येईल असे काय आहे, असा विचार करून योजना आखली गेली. आपल्याकडच्या योजना कशा आखल्या जातात ते वेगळे सांगायला नको.

नंतर ते चित्रकूटला गेले. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरचा हा डोंगराळ, दरोडेखोरांसाठी बदनाम असलेला प्रदेश. १९९१ मध्ये तिथे ग्रामोदय विद्यापीठ सुरू झाले आणि नानाजी त्याचे पहिले कुलपती झाले. दीनदयाळ शोध संस्थानामार्फत आधी ऐंशी आणि मग पाचशे गावे आपल्या पायांवर उभी करण्याचा कार्यक्रम त्यांनी आखला. त्यातली एक कल्पना आम्हाला फार आवडते. शिकलेल्या, लग्न झालेल्या जोडप्याने काही वर्षे खेड्यात राहायचे आणि आसपासच्या चार-पाच गावांत काम करायचे. या जोडप्यांना 'समाजशिल्पी दंपती' म्हणत. एकटा तरुण गावात आला तर लोक त्याला पाहुणा समजतात, बायका त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्यासमोर घरातले दुखणे उघड करत नाहीत. नवरा-बायको आले की चूल पेटते, शेजार जुळतो आणि बाईला बाईशी बोलता येते. आमच्या मोहल्ल्यात आरोग्य किंवा शिक्षणाचे कुठलेही काम करू पाहणाऱ्यांनी हे एवढे जरी लक्षात ठेवले तरी निम्मे दरवाजे उघडतील. नाहीतर सर्वेक्षणाला आलेल्या पोराला दारातूनच 'घरी कोणी नाही' असे ऐकून परत जावे लागते आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू येत असते.

त्या गावांत आणखी एक प्रयत्न झाला, भांडणे कोर्टात न नेता गावातच मिटवायची. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम चित्रकूटला गेले होते. या गावांचे त्यांना मोठे अप्रूप वाटले आणि पुढे त्यांनी आपल्या बोलण्यात त्याचा उल्लेखही केला. आपल्या राज्यात २००७ मध्ये आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, ती वाचकांना आठवत असेल. काही गावांत तिने खरेच चांगले काम केले, काही गावांत फक्त कमानीवरचा फलक उरला. बांधाच्या एका हातासाठी दोन भावांच्या दोन पिढ्या तारखा करत बसतात आणि अखेर ती जमीन वकिलांच्या फीसाठी विकली जाते. असे एक तरी घर प्रत्येक वाचकाच्या ओळखीत असेल.

मराठवाड्याला ते अगदीच विसरले असेही नाही. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला त्यांच्या संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र आहे. हिंगोलीच्या वाट्याला त्या मानाने फार काही आले नाही. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला कुटुंबे निघतात आणि वर्गातले बाक रिकामे होतात. हजेरीपटावर महिनोन्‌महिने तीच तीच नावे गैरहजर. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलेही असतात. 'प्रत्येक हाताला काम' हे वाक्य कडोळीच्या माणसाने गोंड्यात जाऊन म्हटले. सेनगावात अजून ते कोणी मनावर घेतलेले नाही.

जिल्ह्याने राष्ट्रीय पातळीवर आणखीही माणसे दिली. सूर्यकांता पाटील आपल्या मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या आणि २००४ नंतर केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. त्याच काळात रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या दोनशे जिल्ह्यांत हिंगोलीचे नाव होते. राजीव सातव २००२ मध्ये पंचायत समितीवर, मग जिल्हा परिषदेवर, २००९ मध्ये विधानसभेवर आणि २०१४ मध्ये लाटेविरुद्ध केवळ १,६३२ मतांनी लोकसभेवर गेले. मे २०२१ मध्ये ते अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. हे सरळ वर चढण्याचे रस्ते होते आणि त्यात वाईट काही नाही. लोकशाहीत कोणी तरी वर चढलेच पाहिजे. नानाजींचा रस्ता निराळा एवढ्यासाठी की वर पोहोचल्यावर खाली अजून काम पडले आहे हे त्यांना दिसले.

आमच्या काही मित्रांचे म्हणणे असे की हे सगळे एका विचारसरणीचा पाया पक्का करण्यासाठीच होते, समाजसेवा हे फक्त वरचे वेष्टण. असेल. संघटनेचा माणूस संघटना विसरून काही करत नाही. पण बांबूच्या नळीतून आलेले पाणी शेतकऱ्याला त्याचा पक्ष विचारत नाही. दुसरे असे की, आपल्याला पटत नसलेल्या माणसाने चांगले केलेले कामही पाहायचे नाही असे ठरवले, तर तेच दुसऱ्यांनी आपल्या बाबतीत केल्यावर तक्रार करायला तोंड उरत नाही. आमच्या मनात त्यांची दोन खाती आहेत. उर्दूचा विरोध आणि १९८४ चे टिपण एका खात्यात, गोंडा आणि चित्रकूट दुसऱ्यात. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

वर्गातल्या त्या मुलाला आम्ही ही दोन्ही खाती सांगितली. आणीबाणीच्या तुरुंगाचे ऐकून त्याला फार नवल वाटले. "म्हणजे ते लोक आणि आपले लोक एकाच कोठडीत?" असे त्याने दोनदा विचारले. मग म्हणाला, भाजी विकून शिकले हे निबंधात लिहितो. त्याचे वडील आठवडी बाजारात कांदे विकतात.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला नानाजींचे निधन झाले. आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावा, असे त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे तो दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडे सोपवण्यात आला. तिथल्या डॉक्टरकीच्या मुलांनी त्यावर अभ्यास केला.